उसन्या ओढीचं यंत्र
घरातली यंत्रं : लेखांक ९

मागच्या आठवड्यात जलतरण तलावाचा पंप आणि वाळूचा फिल्टर पाहिला. या दोघांच्या जिवावर पोसलं जाणारं एक पात्र तलावातच असतं. मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं कर्जतला, मित्राच्या फार्महाउसवर. परातीएवढी रबरी चकती, तिच्यावर प्लॅस्टिकचं धड, मागे लांबलचक निळी नळी आणि अखंड टक-टक-टक. मोटर नाही, वायर नाही. तरी स्वारी तळाचा कचरा ओढत मजेत हिंडत होती.

ही युक्ती फर्डिनांड शोव्हिए या अभियंत्याची. बेल्जियन काँगोतून तो दक्षिण आफ्रिकेत येऊन स्थायिक झाला. त्याचा पहिला ‘क्रीपी क्रॉली’ जोहान्सबर्गजवळच्या स्प्रिंग्ज गावी १९७४ साली पाण्यात उतरला. त्याच्या पोटात पाण्याला जायला दोन वाटा आणि मध्ये लोलकासारखी हलणारी एक पट्टी. एका वाटेनं पाणी वेगात धावू लागलं की तिथला दाब पडतो, पट्टी तिकडे खेचली जाते आणि वाट बुजते. धावतं पाणी एकाएकी अडलं की धक्का बसतो. घरात नळ झटकन बंद केल्यावर भिंतीतला पाइप धडधडतो ना, तोच हा धक्का. तेवढ्यात दुसरी वाट सुरू होते, पट्टी परत फिरते. प्रत्येक टकटकीला यंत्र बोटभर पुढे सरकतं. नव्या यंत्रांत पट्टीच्या जागी रबरी पडदा फडफडतो, एवढाच फरक.

म्हणजे बळ सगळं पंपाचं. म्हणून जुळवणीची सुरुवात तलावात नाही, पंपाच्या खोलीत करायची. फिल्टर उलटा धुऊन घ्या, पंपाची जाळी रिकामी करा. फिल्टर तुंबलेला असेल तर ओढ आधीच अर्धी झालेली असते आणि मग लोक नव्याकोऱ्या यंत्राला नावं ठेवत बसतात.

नळी कुठे जोडायची? स्किमर, म्हणजे वरवरचं पाणी ओढून घेणारं भिंतीतलं खण, असेल तर त्याच्या तोंडात. आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांत मात्र पाणी काठावरून ओसंडून बॅलन्सिंग टँकमध्ये जातं. तिथे स्किमर नसतो, भिंतीत पाण्याखाली व्हॅक्यूम पॉइंट असतो. जोडणीच्या जागेपासून तलावाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंत नळी पुरली पाहिजे, वर एक तुकडा जादा. त्याहून लांब नळी स्वतःभोवतीच वेढे घेते.

आता नळीतली हवा काढायची. यंत्र पाण्यात बुडवा आणि नळीचं मोकळं टोक पाणी परत येतं त्या झोताशी धरा. यंत्राच्या तोंडातून बुडबुडे यायचे थांबले की नळी भरली. मग पंप बंद करा, टोक पाण्याखालीच ठेवून जोडा आणि पुन्हा पंप सुरू करा. चालू पंपावर जोडायचा शहाणपणा नको. तळहात जोडणीच्या भोकावर बसला तर काय होतं, ते पुढे सांगतो.

उरलं व्हॉल्व्हचं काम. तळाच्या जाळीचा व्हॉल्व्ह बराचसा आवळला की ओढ नळीकडे वळते. किती आवळायचा, ते यंत्रच सांगतं. तळाला चिकटून रेंगाळलं तर ओढ कमी आहे. भिंत चढून पाण्याबाहेर तोंड काढून हवा ओढू लागलं तर जास्त. ही हवा पंपात गेली तर तो कोरडा पडतो, म्हणून पहिला अर्धा तास काठावर खुर्ची टाकून बसावं. परतीचे झोतही पाहा. ते नळीला ढकलत असतील तर त्यांची तोंडं खाली वळवा.

कर्जतचं यंत्र चार दिवस एकाच कोपऱ्यात गोल फिरत होतं. तिथले रखवालदार काका म्हणाले, “साहेब, हा येडा झालाय.” व्हॉल्व्ह, झोत, जाळी, सगळं तपासलं. शेवटी नजर गेली गॅरेजमधल्या खिळ्याकडे. बागेच्या पाइपासारखी नळीची सुबक गुंडाळी करून ते रोज तिथे टांगत होते. नळीनं तो बाक धरला होता आणि पाण्यातही ती तशीच वळत होती. दिवसभर उन्हात सरळ पसरून ठेवली, तेव्हा ती ताळ्यावर आली.

आता त्या भोकाबद्दल. पंपानं अर्ध्या वातावरणाएवढी पोकळी केली तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो बळ लागतं. व्हॅक्यूम पॉइंटचं तोंड दीड इंची धरलं तर साडेपाच-सहा किलो होतात. मोठा माणूस हात सोडवून घेईल. पण तिथे लांब केस ओढले जाऊन आत गुंतले तर मूल वर येऊ शकत नाही. तळाची वीस सेंटिमीटरची जाळी अंगानं पूर्ण झाकली गेली, तर हाच हिशेब दीडशे किलोंवर जातो. अमेरिकेत जून २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशीच गरम पाण्याच्या टबातल्या जाळीला खिळून दगावली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि २००७ च्या डिसेंबरात तिच्याच नावाचा कायदा झाला. सार्वजनिक तलावांत अंग अडकणार नाही अशी झाकणं त्यानं सक्तीची केली.

म्हणून नळी पाण्यात असताना कोणीही पाण्यात उतरायचं नाही, ‘दोनच मिनिटं’ म्हणणारा पाहुणासुद्धा. पंपाचं बटण कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. नळी काढताना आधी पंप बंद. व्हॅक्यूम पॉइंटला स्प्रिंगचं, आपोआप मिटणारं झाकण बसवून घ्या. साधं आट्यांचं झाकण फिरवून लावायचं हमखास राहून जातं. जास्त क्लोरीन टाकायच्या दिवशी यंत्र बाहेर काढा, नाहीतर रबर कडक होतं.

आणि शेवाळ धरलं असेल तर या यंत्राकडून आशा ठेवू नका. आधी ब्रश आणि क्लोरीन, मग हे. कर्जतला आता नळीचे तुकडे सुटे करून भिंतीलगत आडवे ठेवतात. खिळ्यावर काकांची छत्री असते.

(पुढील लेखांकात : क्लोरीन आणि पाण्याचा सामू)