संगणकाची रोजनिशी

४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. छायाचित्रे येऊ लागली. पण थोड्याच दिवसांत यानावरचा संगणक मधूनच आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. जमवलेली माहिती नष्ट होत नव्हती, मात्र त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. दुरुस्तीला मंगळावर जाणार कोण? आणि मुळात बिघाड शोधायचा कसा?

अशा संगणकात उत्तर बरोबर असून भागत नाही, ते ठरल्या वेळेतही यावे लागते. कोणते काम केव्हा चालवायचे हे 'रिअल-टाइम' कार्यप्रणाली ठरवते. प्रोसेसर एकच असल्याने प्रत्येक कामाला दर्जा दिलेला असतो. वरच्या दर्जाचे काम आले की खालच्याने बाजूला व्हायचे. नियम साधा आहे, पण त्यातच एक खोच आहे.

शाळेच्या कार्यालयात एकच टेबल आणि एकच रजिस्टर आहे अशी कल्पना करा. टेबल म्हणजे प्रोसेसर. लिपिक रजिस्टर घेऊन लिहायला बसला आहे. मुख्याध्यापक आले. त्यांनाही रजिस्टरच हवे आहे, म्हणून लिपिकाचे लिहून होईपर्यंत ते थांबले. एवढ्यात पर्यवेक्षक आले. त्यांना रजिस्टर नको, फक्त टेबल हवे. ते लिपिकाहून वरिष्ठ, म्हणून लिपिक उठला, पण अर्धवट लिहिलेले रजिस्टर त्याच्याच हातात राहिले. आता पर्यवेक्षकांचे काम संपेपर्यंत लिपिकही थांबला आणि मुख्याध्यापकही! याला 'प्राधान्याची उलटापालट' म्हणतात.

पाथफाइंडरवर हेच घडत होते. हवामानाची माहिती देणारे काम होते लिपिकाच्या जागी. यानातील माहितीची वाटणी करणारे महत्त्वाचे काम मुख्याध्यापकांच्या जागी. हे काम वेळेत झाले नाही असे दिसताच संगणक सर्व काही थांबवून नव्याने सुरुवात करी. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हा दोष दिसला होता, पण शोधायला जावे तर तो पुन्हा घडत नव्हता.

तो सापडला कसा? यानाच्या कार्यक्रमात घटनांची नोंद ठेवणारी सोय मुद्दामच ठेवलेली होती. अभियंत्यांनी प्रयोगशाळेत तोच कार्यक्रम चालवून मंगळावरची कामे पुन्हापुन्हा करून पाहिली. अठरा तासांच्या आत दोष घडला आणि नोंदींतून घटनांचा क्रम स्पष्ट दिसला. उपाय सोपा होता: रजिस्टर हातात असेपर्यंत लिपिकाला मुख्याध्यापकांचा दर्जा द्यायचा, म्हणजे पर्यवेक्षक त्याला उठवू शकत नाहीत. हा बदल पृथ्वीवरून यानाकडे पाठवण्यात आला आणि संगणक सुरळीत चालू लागला.

पाथफाइंडरची 'व्हीएक्सवर्क्स' ही कार्यप्रणाली एका कंपनीची होती. 'फ्री-आर-टॉस', 'झेफर', 'आरटेम्स' या कार्यप्रणाली मात्र मुक्त स्रोत आहेत, म्हणजे त्यांचा मूळ कार्यक्रम कोणीही वाचू शकतो. त्यांत नोंदीची सोय कशी करतात?

पहिली पायरी म्हणजे मोक्याच्या जागा निवडणे. प्रोसेसर एका कामाकडून दुसऱ्याकडे गेला, कुलूप मागितले, मिळाले, सोडले, बाहेरून व्यत्यय आला, अशा प्रत्येक जागी एक खूण ठेवतात. फ्री-आर-टॉसमध्ये या खुणा आधीच आहेत, पण त्या रिकाम्या असतात. आपण त्यांत काही भरले नाही तर त्यांचा प्रोसेसरवर मुळीच भार पडत नाही.

दुसरी पायरी, नोंद छोटी ठेवणे. समजा, खूण येताच चाळीस अक्षरांचे वाक्य पडद्याकडे पाठवले. सेकंदाला ११,५२० अक्षरे वाहून नेणाऱ्या तारेवर त्याला सुमारे साडेतीन मिलिसेकंद लागतील. तेवढ्यात वेळेचे सगळे गणित बदलते आणि शोधायचा दोषच नाहीसा होतो! वर्गात शिक्षणाधिकारी येऊन बसले की वर्ग नेहमीसारखा राहत नाही, तसेच हे. म्हणून वाक्य न लिहिता केवळ आकडे ठेवतात: वेळेसाठी चार बाइट, घटनेच्या क्रमांकासाठी एक, कामाच्या ओळखीसाठी तीन. त्यांचा अर्थ नंतर दुसऱ्या संगणकावर सावकाश लावायचा.

तिसरी पायरी, जागेची काटकसर. ४,०९६ बाइटांत अशा ५१२ नोंदी मावतात. वही भरली की पुन्हा पहिल्या ओळीपासून जुन्यावरच लिहायचे. सेकंदाला हजार घटना घडत असतील तर शेवटच्या अर्ध्या सेकंदाचा इतिहास नेहमी हाताशी राहतो. दोष दिसताच लिहिणे थांबवले की पुरे. पाथफाइंडरची वहीही अशीच गोल फिरणारी होती.

हा प्रयोग वर्गात करून पाहता येईल. तीन विद्यार्थी, एक खुर्ची, एक वही घ्या आणि वरचा प्रसंग करवून घ्या. चौथ्याने घड्याळ पाहून फक्त वेळ, घटनेचा क्रमांक आणि नावाचे पहिले अक्षर लिहायचे. प्रसंग न पाहिलेल्या मुलांना ती नोंद द्या आणि विचारा, मुख्याध्यापक कोणामुळे थांबले? बहुतेक जण आधी लिपिकाकडे बोट दाखवतील. नोंद क्रमाने वाचली की बोट पर्यवेक्षकांकडे वळेल आणि मग नियमाकडे.