नारायणगांवचा तमाशा : बाडांतील शब्द व बाडाबाहेरील चाल

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत हिंडतांना संग्राहकांचें लक्ष शिवनेरीकडे, लेण्यांकडे व वाड्यांतील दप्तरांकडे जातें. लावण्यांचें वा पोवाड्यांचें एखादें बाड हातीं आलें तर त्याचीहि नक्कल होते. परंतु गाण्याचें बाड हें दप्तराप्रमाणें स्वयंपूर्ण साधन नव्हे, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

बाडांत पदाचे चरण असतात, पालुपदापुढें ‘ध्रु.’ अशी खूण असते, आणि कित्येकदां माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचे आरंभींचे शब्द दिलेले असतात. लिहिणारास ती चाल मुखोद्गत असल्यामुळें तेवढी खूण पुरे होती. तें दुसरें पद विस्मरणांत गेलें, कीं आपणांस तीच खूण मुकी होते. शिवाय सुरत्ये मुख्य गायकाचा शेवटचा सूर उचलून उंच पट्टींत झील धरतात, तुणतुणें अखंड सूर देतें, ढोलकी, हलगी, कडें व मंजिरी लय राखतात. यांतील कांहींच कागदावर उतरत नाहीं. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापून मोठेंच कार्य केलें. तथापि अशा छापील संग्रहांतूनहि आपणांस मिळाले ते शब्दच.

नारायणगांवीं ही विद्या अद्यापि जिवंत आहे. भाऊ-बापू मांग नारायणगांवकर यांचा फड येथीलच. भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांस १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतिपदक मिळालें. गुढीपाडव्याच्या सुमारास येथें फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पुढारी येऊन आपापल्या यात्रेची सुपारी देतात. मात्र गण, गौळण, बतावणी व वग या जुन्या क्रमांत आतां चित्रपटगीतें व विजेवरचीं वाद्यें शिरलीं आहेत. आम्ही त्यास दोष देत नाहीं; लोकांस रुचेल ती चाल शाहीर पूर्वीहि उचलीतच आले. पण नवी चाल बसली म्हणजे जुनी मागें पडते, व तिची नोंद कोठेंच राहत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी कीं, बाडाची नक्कल करितांना तें पद जाणत्या सुरत्याकडून गाऊन घ्यावें व त्याचें ध्वनिमुद्रण करावें. चाल कोणाकडून आली, पट्टी कोणती, साथीस वाद्यें कोणतीं, हें गांव व तिथीसह टिपावें. मूळ बाड मात्र फडाच्याच घरीं राहूं द्यावें. त्यावर त्या घराचें पोट चालतें. कागद आणखी पन्नास वर्षांनींहि वाचतां येईल. ती चाल जाणणारा गळा तोंवर उरेलच असें नाहीं.