उकडलेल्या शेंगांची पारख

भुईमुगाची काढणी सुरू झाली की आठवड्याच्या बाजारात व रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगांच्या पाट्या दिसू लागतात. ओली शेंग वाळवावी लागत नाही; त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती पैसा लवकर पडतो. परंतु गिऱ्हाईक टिकावयाचे तर माल चोख हवा.

उकडण्यासाठी शेंग त्याच दिवशी तोडलेली असावी. दाणा भरलेला, पण टरफलाची आतली बाजू पुरती काळपट न झालेली शेंग मऊ शिजते. नुकत्याच काढलेल्या शेंगेत सुमारे ४० टक्के पाणी असते. तिचा ढीग घातल्यास ती तापते व तिला बुरशी लागते.

ही बुरशी क्षुल्लक समजू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची दूषित पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही. म्हणून फुटक्या, किडक्या व बुरसट शेंगा आधीच निवडून टाकाव्यात. त्या गुरांनाही घालू नयेत.

निवडलेल्या शेंगा दोन-तीन पाण्यांत धुऊन मिठाच्या पाण्यात मऊ होईतो उकडाव्यात व मीठ मुरण्यासाठी थोडा वेळ त्याच पाण्यात राहू द्याव्यात. उकडलेला माल त्याच दिवशी विकावा. टरफल बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला, तर तो माल शिळा समजावा.

ग्रामसेवकांनी ही पारख बाजारात पाटीजवळच शेतकरी बंधूंना करून दाखवावी.