एका हाताने उभी केलेली भुतावळ

न्यू ब्रिटन बेटाच्या जंगलात रात्री एकटाच वाट तुडवणारा एक जपानी सैनिक अचानक अडला. समोर काहीच दिसेना, पण पाऊल पुढे पडेना. जरा टेकून विसावा घेतला, तेव्हा वाट मोकळी झाली. लोककथांचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी क्युशूकडच्या ‘नुरिकाबे’ची, म्हणजे रात्री वाट अडवणाऱ्या अदृश्य भिंतीची, त्रोटक नोंद करून ठेवली होती. या सैनिकाला ती ओळखीची वाटली. पुढे चित्रांत त्याने तिला डोळे दिले, आखूड पाय दिले. आज जपानी मुलांना नुरिकाबे म्हटलं की तेच रूप आठवतं.

हा सैनिक म्हणजे पुढे मांगा, अर्थात जपानी चित्रकथा, काढणारे शिगेरू मिझुकी. जन्म १९२२चा, बालपण साकाइमिनातो या बंदराच्या गावी. शेजारची एक गरीब, देवभोळी म्हातारी ‘नोन्नोन्बा’ त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगे. छतावरचे डागसुद्धा तिच्या लेखी छत चाटणाऱ्या भुताची करणी. मिझुकींची खरी शाळा हीच.

मग दुसरं महायुद्ध आलं. न्यू ब्रिटनवरच्या राबाउलच्या आघाडीवर त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला आणि पहाऱ्यावर असलेले मिझुकी तेवढे वाचले. जीव मुठीत धरून तळावर परतले, तर वरिष्ठांनी सुनावलं की बाकीचे मेले, तू जिवंत का आलास? पुढे मलेरियाने अंथरुणाला खिळलेले असताना हवाई हल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. त्या दिवसांत माया लावली ती तिथल्या तोलाई लोकांनी. युद्ध संपल्यावर तिथेच राहायचं मिझुकींच्या मनात होतं.

घरी परतल्यावर वाट्याला आली ती ओढाताण. रस्त्यावर चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या ‘कामिशिबाई’साठी त्यांनी चित्रं काढली. टीव्ही आला, तो धंदा बसला. मग भाड्याने वाचायला मिळणाऱ्या पुस्तकांसाठी मांगा. डाव्या खांद्याने कागद दाबून धरायचा आणि रात्र रात्र काढत राहायचं. जुन्या कामिशिबाईतल्या कितारोला त्यांनी १९६० साली नवा जन्म दिला. भूतवंशातला हा एकाक्ष मुलगा थडग्यातून जन्मतो. त्याचा बाप म्हणजे नुसता एक डोळा, जो वाडग्यात बसून अंघोळ करतो! १९६८मध्ये कितारो टीव्हीवर आला आणि घराघरात पोचला.

पण मिझुकींची खरी थोरवी कळते ती १९७३च्या युद्धकथेत. सन्मानाने मरण्याच्या हुकमापायी संपलेल्या पलटणीची ही कथा नव्वद टक्के खरी असल्याचं ते सांगत. चित्रं निरखून पाहावीत. सैनिकांचे चेहरे चार रेषांचे, भाबडे. भोवतालचं जंगल मात्र पान न् पान, ठिपका ठिपका करून कोरलेलं. शेवटच्या पानांवर प्रेतांचा खच येतो आणि तिथे माणसंही तितक्याच बारकाईने काढलेली. ती पानं पाहवत नाहीत. मिझुकींच्या भुतांची मुलांना भीती वाटत नाही. त्यांच्या पुस्तकांत खरी भीती वाटते ती हुकूम देणाऱ्या माणसांची.

फ्रान्समधल्या आंगुलेम चित्रकथा महोत्सवात सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार २००७ साली शेजारच्या त्या म्हातारीवरच्या ‘नोन्नोन्बा’ या त्यांच्या पुस्तकाला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला मांगा. दीर्घायुष्यासाठी मिझुकींची श्रद्धा होती ती झोपेवर. रात्रंदिवस राबणारे मांगाकार तेझुका आणि इशिनोमोरी साठीतच गेले, याची आठवण ते करून देत. स्वतः मिझुकी वयाच्या ९१व्या वर्षी नवी मालिका काढायला बसले. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी ते गेले. साकाइमिनातोत त्यांच्या नावाच्या रस्त्यावर १९९३मध्ये भुताखेतांचे २३ ब्राँझचे पुतळे बसवले होते. पुढे त्यांची संख्या १७७वर गेली.