दोन तारांवर चोवीस दिवे

धर्मादाय दवाखान्यात रुग्णांचा क्रमांक दाखविणारा तीन आकडी फलक करावयाचा आहे, असे समजा. प्रत्येक आकड्यास सात रेघा व एक टिंब, म्हणजे आठ दिवे. तिन्ही मिळून चोवीस. इंटेल कंपनीने १९८० साली आणलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला बाहेरच्या जोडणीसाठी पाय आहेत एकंदर ३२. त्यांतले २४ दिव्यांतच खर्ची पडले, तर कळफलक, घंटा यांची सोय कशी व्हावी?

अशा वेळी त्याचा सिरियल पोर्ट कामी येतो. एरवी तो संगणकाशी बोलण्यासाठी असतो. परंतु ‘एसकॉन’ रजिस्टरातील वरचे दोन बिट शून्य ठेवले की तो शिफ्ट रजिस्टरासारखा चालू लागतो. आरएक्सडी या पायावरून बिट एकेक करून बाहेर पडतात व टीएक्सडी प्रत्येक बिटागणिक एक ठोका देतो. (नावांवरून उलटच वाटते!) १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर एका बिटास एक मायक्रोसेकंद लागतो.

बाहेर ७४एचसी१६४ या तीन चिपा ओळीने जोडाव्या. रांगेतले मजूर घमेली हातोहात पुढे देतात, तद्वत प्रत्येक ठोक्यास प्रत्येक बिट एक घर पुढे सरकतो. सर्वांत आधी निघालेला सर्वांत दूर जातो. म्हणून शेवटच्या चिपेचा बाइट प्रथम पाठवावा. शिवाय बाइटातला सर्वांत कनिष्ठ बिट आधी निघतो, तेव्हा तो चिपेच्या आठव्या घरात जाऊन थांबतो. जोडणीत हे ध्यानात ठेवले नाही, तर ४ च्या जागी भलतेच चित्र उमटते आणि नवशिका दोष मात्र चिपेला देतो. एक बाइट गेल्यावर ‘टीआय’ हा बिट १ होतो. तो पाहून, पुसून, मगच दुसरा बाइट द्यावा.

बिट सरकत असता दिवे क्षणभर वेडेवाकडे लागतात, पण एवढ्या अल्प काळात डोळ्यांस ते कळत नाही. जेथे क्षणिक इशाराही घातक, तेथे ७४एचसी५९५ वापरावी. तिच्यात बिट आधी जमतात व वेगळा इशारा मिळाल्यावरच पायांवर येतात. त्यासाठी तिसरी तार लागते. कळा वाचावयाच्या असल्यास ७४एचसी१६५ घ्यावी.

दोन अडचणी मात्र आहेत. पोर्ट या कामी गुंतला की त्याच वेळी संगणकाशी बोलणे होत नाही. दुसरी अधिक जाचक: मूळ ८०५१ मध्ये हा वेग स्फटिकाच्या बाराव्या हिश्श्यास बांधलेला आहे, मंद करता येत नाही. फलक दालनाच्या दुसऱ्या टोकास असेल, तर लांब तारेवर ठोके विस्कटून चुकीचा क्रमांक दिसू शकतो. तेथे साध्या दोन पायांवरून, प्रोग्रामानेच, सावकाश बिट ढकललेले बरे.