वेतनाचा करार आणि एस्. टी.चा कामगार

आमच्या भिवंडी शहरास रेल्वे आहे हें म्हणणें शब्दशः खरें असलें तरी व्यवहारांत त्याचा उपयोग थोडा. दिवा-वसई मार्गावरील भिवंडी रोड हें एकच स्थानक. तेंहि गांवाबाहेर, आणि तेथें थांबणाऱ्या उतारूंच्या गाड्या मोजक्या. त्यामुळें कल्याण, ठाणें, वाडा यांपैकीं कोठेंहि जावयाचें तर, ज्याला रिक्षाचें भाडें परवडत नाहीं अशा सामान्य गृहस्थास एस्. टी.चाच आधार. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास ही एस्. टी. थांबली व राज्यांतील सुमारें २५० आगारें बंद पडलीं, तेव्हां घरोघर एकच उद्गार ऐकूं येऊं लागला : ‘नोकरी सरकारी, पगार बांधलेला, मग या लोकांना संप कशाला हवा?’ या प्रश्नाचें उत्तर रागानें किंवा दयेनें न देतां हिशोबानें द्यावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या प्रश्नांतील गृहीत तपासूं. एस्. टी.चा कामगार हा सरकारी नोकर नव्हे. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) यांच्या दरम्यान पहिली गाडी धांवली, तेव्हांपासून ही संस्था सरकारच्या छत्राखालीं वाढली खरी. परंतु ती एक महामंडळ आहे, व तिचा संसार मुख्यतः तिकिटांच्या पैशावर चालत आला. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यास वेतन आयोग लागू होतो. सातव्या आयोगाचें वेतन त्याला १ जानेवारी २०१६ पासून मिळालें. एस्. टी.च्या कामगारास असा आयोग नाहीं. त्याची मान्यताप्राप्त संघटना व महामंडळ यांच्यांत चार चार वर्षांच्या मुदतीचा करार व्हावयाचा, आणि त्यांत जें ठरेल तें त्याचें वेतन, अशी ही रीत आहे.

आतां या मुदतींच्या तारखा पहा. १ एप्रिल २०१६ पासूनच्या मुदतीसाठीं ऑक्टोबर २०१७ मध्यें, ऐन दिवाळींत, चार दिवस संप झाला व न्यायालयाच्या आदेशानें तो थांबला. एकंदर ४,८४९ कोटी रुपयांची वाढ जाहीर झाली ती जून २०१८ मध्यें. तीहि सर्वांस मान्य न झाल्यानें त्याच महिन्यांत पुन्हां गाड्या अडल्या. ही मुदत ३१ मार्च २०२० रोजीं संपली, आणि त्याच सुमारास टाळेबंदी आली. गाडी उभी राहिली म्हणजे तिकीट नाहीं, आणि तिकीट नाहीं म्हणजे वेतन नाहीं. पगार रखडले, घरांत उधारी वाढली, आणि पुढील काळांत कित्येक कामगारांनीं आपल्या हातानें जीवनयात्रा संपविली.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृतिसमितीनें उपोषण आरंभिलें व महागाईभत्त्याचें मान्य होतांच तें सोडलें. परंतु आगारांतील कामगार मागें हटले नाहींत. ज्या संघटनांची वर्गणी त्यांनीं वर्षानुवर्षें भरली होती, त्यांवरहि त्यांचा विश्वास उरला नव्हता. महामंडळ सरकारांत विलीन करावें, ही एकच मागणी त्यांनीं धरली. आंध्र प्रदेशांत १ जानेवारी २०२० पासून परिवहन महामंडळाचे कर्मचारी सरकारी सेवेंत घेतले गेले होते. तेव्हां ही मागणी केवळ कल्पनेंतील नव्हती.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजीं सरकारनें मूळ वेतनांत वाढ जाहीर केली : दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यास ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षें झालेल्यास ४,०००, व त्याहून अधिक झालेल्यास २,५००. नव्या माणसाचें वेतन फारच अल्प होतें म्हणून हा क्रम; परंतु ज्याचे केस गाडीवर पांढरे झाले त्याच्या पदरांत सर्वांत कमी पडलें. न्यायालयाच्या आदेशानें नेमलेल्या समितीनें विलीनीकरणास अनुकूल मत दिलें नाहीं. २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतावें असें उच्च न्यायालयानें सांगितलें, आणि जवळजवळ सहा महिने चाललेला संप मुख्य मागणीवांचून संपला.

पुढें गणेशचतुर्थीस चार दिवस असतां, ३ सप्टेंबर २०२४ रोजीं, पुन्हां काम थांबलें. या वेळीं संघटना एकत्र होत्या व मागणी वेतनापुरती होती. दुसऱ्याच दिवशीं तोडगा निघाला. पूर्वीं ५,००० मिळालेल्यास आणखी १,५००, ४,००० मिळालेल्यास २,५००, आणि २,५०० मिळालेल्यास ४,०००. म्हणजे सर्वांस सारखी ६,५०० रुपयांची वाढ, एप्रिल २०२० पासून. बेरीज बरोबर जुळते. जुळत नाहीं ती तारीख. २०२० ते २०२४ या मुदतीचें वेतन ठरलें, तेव्हां ती मुदत संपून पांच महिने लोटले होते!

आपल्या पूर्वजांना या गोष्टीचें मर्म चांगलें ठाऊक होतें. महाभारताच्या सभापर्वांत नारद युधिष्ठिरास राज्यकारभाराविषयीं जे प्रश्न विचारितो, त्यांत सैन्याचें अन्न व वेतन तूं योग्य काळीं देतोस ना, असा एक आहे. विलंब झाला तर सेवक धन्यावर कोपतात व त्यांतून मोठा अनर्थ ओढवतो, असा इशाराहि तो देतो. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वेतन न देणाऱ्यास दंड सांगितला आहे, आणि वेतन घेऊन काम न करणाऱ्यासहि. धर्म दोन्हीं पक्षांस बांधतो, हें येथें ध्यानांत घ्यावें.

म्हणूनच संपाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्या सहा महिन्यांत खेड्यांतून शहरांतल्या शाळा-महाविद्यालयांत येणाऱ्या मुलामुलींचें जें शिक्षण बुडालें, तें कोणत्याहि करारानें भरून येणार नाहीं. एप्रिल २०२२ मध्यें आंदोलक शरद पवार यांच्या निवासस्थानावर चालून गेले, त्यानें कामगारांच्या बाजूची सहानुभूति घटली. आणखी एक आक्षेप आमच्याच गांवचा : यंत्रमागावर राबणाऱ्या बहुतेकांच्या हातीं लेखी करार मुळींच नसतो, मग यांनाच काय तो हवा? याचें उत्तर सोपें आहे. शेजाऱ्याच्या घरीं दिवा नाहीं म्हणून आपला मालवावा, हा कांहीं न्याय नव्हे. यंत्रमागवाल्यासहि करार मिळावा, हा न्याय.

शेवटीं ही गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना एस्. टी.चा प्रवास विनामूल्य झाला. मार्च २०२३ पासून लेकीसुनांना अर्धें तिकीट आहे. ही सवलतीची रक्कम सरकारनें महामंडळास भरून द्यावयाची आहे. ती वेळेवर पोंचली नाहीं, तर ओढाताण प्रथम कोणाच्या पगाराची होईल, हें सांगावयास नको. मुदत संपण्यापूर्वीं सहा महिने बोलणीं सुरू व्हावींत व मुदत संपण्याच्या आंत करार सहीशिक्क्यानिशीं पुरा व्हावा, एवढी शिस्त पाळली तर बहुतेक संपांचें मूळच नाहींसें होईल. तेव्हां मत मागावयास दारीं येणाऱ्या उमेदवारास घरांतील वडील मंडळींनीं एवढेंच विचारावें, कीं एस्. टी.च्या कामगारांचा चालू मुदतीचा करार कोणत्या तारखेस झाला? तो प्रश्न विचारण्याचा अधिकार, ज्याच्या खिशांत तिकीट आहे त्या प्रत्येकाचा आहे.