येळवशीच्या शिवारात मेंदूला काय मिळतं?

मार्गशीर्ष अमावास्येला दुपारी माकणीत कुणाच्या घरी गेलं, तर दाराला कुलूप असण्याचीच शक्यता जास्त. लोहारा तालुक्यातलं, निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणाकाठचं हे गाव त्या दिवशी शिवारात असतं. धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या काही भागांत साजरी होणारी ही वेळ अमावास्या. लोकांच्या तोंडी येळवस. कडब्याची कोप, तिच्यात मांडलेले पाच पांडव, मातीच्या बिंदग्यातलं आंबील, भज्जी, उंडे, खीर. झाडाला झोका बांधलेला. ज्याला स्वतःचं शेत नाही, त्याला आग्रहाचं आमंत्रण, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीत बसवायचं.

मोबाइलवर हल्ली ‘हॅपी हार्मोन्स’ वाढवण्याच्या उपायांचा पाऊस पडतो. केळं खा, डार्क चॉकलेट खा, थंड पाण्यानं अंघोळ करा. डोपामिन, सेरोटोनिन, एंडॉर्फिन, ऑक्सिटोसिन ही चार नावं आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. या उपायांत थोडं तथ्य असतं, पण मेंदू म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की चावी फिरवली आणि पातळी वाढली. ही रसायनं माणूस काय करतो, कुठं आणि कुणासोबत करतो, यानुसार पाझरतात. ते समजून घ्यायला येळवशीसारखा दुसरा दिवस नाही.

सुरुवात डोपामिनपासून. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा अभ्यास केला. माकडाला फळाच्या रसाचा थेंब दिला की या पेशी उद्दीपित होत. सवय झाल्यावर मात्र त्या थेंबाला नव्हे, तर थेंब येणार असल्याची सूचना देणाऱ्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. खूण दिसूनही थेंब आलाच नाही, तर त्या वेळेला पेशी चक्क मंदावत. या कामासाठी शुल्ट्झ यांना २०१७चं ब्रेन प्राइज विभागून मिळालं. थोडक्यात, डोपामिन हे मिळालेल्या सुखापेक्षा सुखाच्या चाहुलीशी आणि अपेक्षेपेक्षा जास्त किंवा कमी मिळण्याशी बांधलेलं आहे. येळवशीच्या आधी आठवडाभर घरात जी लगबग चालते, त्यातला आनंद हा असा. आणि मटक्याचा आकडा किंवा मोबाइलवरचा पैशांचा खेळ माणसाला सुटत नाही, तोही याच कारणानं. कधी मिळेल याचा भरवसा नसलेलं बक्षीस मेंदूला सगळ्यात जास्त खिळवतं. यावर रोजच्या जगण्यातला उतारा साधा आहे: मोठ्या कामाचे डोळ्यांना दिसतील असे तुकडे पाडायचे. आज दोन सरी, उद्या दोन. पूर्ण झालेला प्रत्येक तुकडा मेंदूच्या दृष्टीनं एक छोटं बक्षीस असतो.

सेरोटोनिनबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज केळ्यानं पसरवले आहेत. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मधे पेशींचा एक कडक पहारा असतो. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं आणि पोटाच्या हालचालीसाठी राबतं. मेंदूला लागणारं मेंदू स्वतः बनवतो. केळं खायला हरकत काहीच नाही, फक्त उदासीवरचं औषध म्हणून नको. त्यापेक्षा उन्हाचा पुरावा बरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १०१ निरोगी पुरुषांच्या मानेतल्या शिरेतून, म्हणजे मेंदूकडून परतणाऱ्या रक्तातून, नमुने घेतले. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूतली सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सर्वांत कमी दिसली, आणि ज्या दिवशी ऊन जास्त लख्ख त्या दिवशी ती जास्त होती. मराठवाड्यात उन्हाचा तुटवडा नाही, हे खरं. पण दिवसभर दुकानात, कार्यालयात किंवा घराच्या अंधाऱ्या खोलीत मोबाइल घेऊन बसणाऱ्याला ते मिळत नाही. सकाळचं कोवळं ऊन त्यासाठी पुरेसं आहे. मे महिन्यातल्या दुपारी हा प्रयोग कुणी करू नये.

एंडॉर्फिनची कथा आणखी रंजक. मेंदू स्वतःच अफूसारखी वेदनाशामकं तयार करतो, हे १९७५मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पुढं व्यायामानंतरच्या तरतरीचं सगळं श्रेय एंडॉर्फिनला मिळालं. ते आता वाटून घ्यावं लागतंय. १९९२मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलम यांच्या चमूला डुकराच्या मेंदूत एक वेगळं रसायन सापडलं. त्याचं नाव ठेवलं ॲनंडामाइड, आपल्या ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून! जर्मनीतल्या संशोधकांनी २०२१मध्ये धावपटूंना अफूसदृश रसायनांचा परिणाम रोखणारं औषध दिलं आणि पाऊण तास पळवलं. तरीही पळाल्यानंतरची प्रसन्नता टिकली. म्हणजे या तरतरीत ॲनंडामाइडच्या कुळाचा वाटा मोठा असावा.

एकट्यानं आणि मिळून केलेल्या श्रमात मात्र फरक पडतो. ऑक्सफर्डच्या नौकानयन संघातल्या १२ खेळाडूंवर केलेला छोटा प्रयोग २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम तेवढाच, पण एका तालात सगळ्यांनी मिळून वल्ही मारल्यावर वेदना सहन करण्याची त्यांची क्षमता एकट्यानं मारल्यापेक्षा जास्त वाढली. एंडॉर्फिन जास्त पाझरल्याची ती खूण मानली जाते. लेझीम, दिंडीतली पावली किंवा देवळातलं भजन ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. हेमा रैरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पहाटेचं ते दळण सुखाचं नव्हतंच, पण बायका ते गात गात करत होत्या.

इथं गावातला एक रास्त प्रश्न येतो: दिवसभर शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची काय गरज? शरीराला कदाचित नसेल. मनाचा हिशेब वेगळा आहे. शारीरिक हालचाल आणि मानसिक आरोग्य यांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आवडीनं केलेल्या हालचालीचा उदासी कमी असण्याशी संबंध दिसला. पोटासाठी कराव्या लागणाऱ्या कष्टांचा तसा दिसला नाही. कर्जाचा हप्ता डोक्यात ठेवून केलेली खुरपणी आणि संध्याकाळी मैत्रिणीसोबत धरणाकडं मारलेली चक्कर, यांत स्नायू तेच असले तरी मन तेच नसतं. कष्टकऱ्याला ‘तुमचा व्यायाम होतोच’ म्हणून गप्प बसवणं म्हणूनच चुकीचं.

राहिलं ऑक्सिटोसिन. बाळंतपणाच्या कळा आणि आईचा पान्हा हे त्याचं मूळ काम. जवळीक, स्पर्श, विश्वास यांच्याशीही त्याचा संबंध जोडला जातो. हा शेजाराचा विषय आहे, आणि शेजार मोडला की काय होतं ते या पट्ट्यानं पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. हजारो माणसं गेली. नंतर पक्की घरं मिळाली, रुंद रस्ते आले. पण जुन्या गल्लीतली भावकी आणि शेजारपाजार रांगेतल्या नव्या घरांत विखुरला. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या कामात त्या वेळी डॉ. मोहन आगाशे आणि पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उतरली होती. घर उभं राहिलं म्हणजे माणूस उभा राहिला असं होत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं होतं.

म्हणूनच सवयींची ताकद आणि मर्यादा दोन्ही ठाऊक हव्यात. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात २१८ चाचण्या तपासल्या होत्या. चालणं किंवा हळू पळणं, योगासनं आणि ताकदीचे व्यायाम यांनी नैराश्य कमी होतं, असं त्यात आढळलं. पण नैराश्याच्या खाईत असलेल्या माणसाला ‘जरा फिरून ये’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं. चालायला निघण्याचं बळच त्या आजारानं काढून घेतलेलं असतं. शिवाय नापिकी आणि सावकार हे रसायनांचे प्रश्न नाहीत. शेतकरी आत्महत्यांमुळं सरकारला या जिल्ह्यात २०१५पासून बळीराजा चेतना अभियान आणि प्रेरणा प्रकल्प राबवावे लागले.

झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, कशातच रस न उरणं, ‘माझ्यामुळं सगळ्यांना त्रास’ अशी भाषा. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर सवयींवर विसंबू नये, डॉक्टरांकडं जावं. मरणाची भाषा एकदा जरी कानावर आली, तर दोन दिवसही थांबू नये आणि त्या माणसाला एकटं सोडू नये. येळवशीला दरवर्षी हौसेनं झोका बांधणारा माणूस यंदा घरीच पडून राहिला, तर डबा घेऊन कुणीतरी त्याच्या दारात जावं आणि त्याच्यासोबत बसावं. तिथूनच १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक लावता येतो. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि पलीकडचा समुपदेशक मराठीत बोलतो.